घर आपले, जमीन परक्याची

मेसा, अॅरिझोना
14 जून

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत, हा दोष सर्वस्वी माझा. आज मात्र लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, कारण ही बातमी ऐकून "मी तेव्हाच सांगितले होते" असे म्हणण्याचा हक्क फक्त तुझा आहे आणि तो मला बुडवायचा नाही. आमच्या पार्कची, म्हणजे घर आपले आणि खालची जागा भाड्याची अशा या वसाहतीची, जमीन विकली गेली. 5 जूनला नोटीस आली: जागेचा वापर बदलणार आहे, 180 दिवसांत घरे हलवावीत.

हे घर घेतले तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "दुसऱ्याच्या बैलांना स्वतःची गाडी कशाला जुंपतोस?" मी फोन आपटला आणि आपण तीन महिने बोललो नाही. काल टॉर्च घेऊन घराभोवतीचे स्कर्टिंग, म्हणजे तळाची पोकळी झाकणारा आडोसा, उचकटले आणि ओणवा होऊन पाहिले, तर सांगाड्याखाली लोखंडी आख अजून होता, चाके मात्र कुणी काढून नेलेली, आणि आखाला कोळ्यांनी जाळी विणली होती. गाडीच निघाली, वसंता. बारा वर्षे मी तिच्यात पंखा लावून झोपलो.

कागदोपत्री घर हलवता येते. 15 जून 1976 पासून कारखान्यात बांधून ओढून आणलेल्या अशा घरांच्या बांधणीला केंद्र सरकारचे नियम लागू झाले, आणि त्याआधीचे घर दुसरा पार्क सहसा घेत नाही. आमचे 1984 चे आहे. समोरच्या म्हातारीचे 1972 चे, ते बहुधा जागीच मोडीत निघेल. राज्याच्या निधीतून हलवण्याच्या खर्चाला काही मदत मिळते, पण आधी रिकामी जागा सापडली पाहिजे. शिवाय आमच्यासारखे दुहेरी घर मधल्या सांध्यावर उकलून दोन फेऱ्यांत न्यावे लागते. मागच्या गल्लीतले एक परवा तसे गेले: एका अर्ध्यात ओटा, दुसऱ्यात पलंगाची खोली, आणि उघड्या अंगाला ठोकलेले प्लास्टिक फडफडत होते. कुंदा काही बोलली नाही. घरी आल्यावर टेप घेऊन तिने देवघर कोणत्या अर्ध्यात पडते ते मोजले.

त्यात हा उन्हाळा. 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटवर, म्हणजे 43 अंशांच्या पुढे गेला होता. नागपूरकराला त्याचे काय, असे तू म्हणशील, पण धंतोलीच्या त्या जाड भिंती आणि वाळ्याच्या ताट्या आठव, आणि मग हे पातळ भिंतींचे खोके डोळ्यांपुढे आण. कूलर इथेही आहे. जुलैत हवा दमट झाली की तो केवळ आवाज करतो, आपल्या गणिताच्या मास्तरांसारखा. मार्चमध्येच उसने अवसान आणून छपराला पांढरा लेप दिला. आता तो लेप कुणाच्या कामी येणार, कोण जाणे. मुलगा म्हणतो, आमच्याकडे या. कुंदा म्हणते, डिसेंबरला अवकाश आहे. मी रात्री उठून रकमांच्या बेरजा करतो.

माझी साखर आटोक्यात आहे. तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले का? नातीला दहावीबद्दल शाबासकी सांग, टक्के कळव.

उत्तराच्या पहिल्याच ओळीत "सांगितले होते" लिहून टाक, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून आता काय करू, ते सांगता येईल.

तुझा,
अरुण