फोल्डरचा पूर्ण मार्ग यादीत दिसलाच पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्थांचे दप्तर, मुलांचे दाखले, जमिनीचे उतारे असे सारे काही आता मोबाईलवर ठेवले जाते. परंतु फोल्डरात फोल्डर आणि त्यातही आणखी फोल्डर असतील, तर ते लहान पडद्यावरील यादीत कसे दाखवावेत, याचा पुरेसा विचार ॲप तयार करणारे करत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

फोल्डरांची ही उतरंड १९६५ मध्ये मल्टिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेली आणि विंडोज ९५ मुळे डावीकडे फांद्यांसारखी उलगडणारी यादी घरोघरी परिचयाची झाली. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती सोयीची असली, तरी मोबाईलवर जशीच्या तशी उचलली की जागा पुरत नाही. अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी ३६० डीपी (पडद्यावरील मांडणी मोजण्याचे एकक) धरली आणि दर पातळीला नाव २४ डीपी आत सरकवले, तर पाच पातळ्या खाली जाईपर्यंत १२० डीपी, म्हणजे एक तृतीयांश रुंदी, रिकामीच जाते. मग ‘सातबारा उतारा २०२३’ आणि ‘सातबारा उतारा २०२४’ ही नावे शेवटी कापली जाऊन अगदी सारखी दिसतात, कारण त्यांतला फरक नेमका शेवटीच असतो.

यावर एका वेळी एकच पातळी दाखवावी, हे मला पटते. मात्र मूळ फोल्डरापासूनचा मार्ग वरच्या पट्टीत कायम दिसावा आणि त्यातील कोणत्याही नावाला स्पर्श करताच तिथे जाता यावे. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर एकच पातळी वर यावे आणि यादी जिथे सोडली होती, तिथेच उघडावी.

खरा गोंधळ शोध घेताना होतो. महाराष्ट्रात ६ महसुली विभाग, ३६ जिल्हे, त्यांखाली तालुके आणि गावे आहेत. याच क्रमाने नोंदी ठेवणाऱ्या ॲपमध्ये ‘वडगाव’ शोधले, तर एकापाठोपाठ नुसती वडगावेच समोर येतात. प्रत्येक नावाखाली लहान अक्षरांत तालुका आणि जिल्हा नसेल, तर त्या यादीचा उपयोग काय?

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. प्रत्येक नोंदीसोबत तिची पातळी आणि तिच्या वरच्या फोल्डरची ओळख साठवली, तर पूर्ण मार्ग केव्हाही दाखवता येतो. आणि फोल्डर उघडल्यावरच त्यातील नोंदी आणल्या, तर साध्या फोनवरही यादी अडखळत नाही. ॲपलने २०२० मध्ये आयफोनच्या आयओएस १४ या प्रणालीसोबत ॲप तयार करणाऱ्यांना अनेक पातळ्यांच्या उलगडत्या यादीची तयार सोयही दिली आहे.

दृष्टिहीन वापरकर्त्यांना तर पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर विसंबावे लागते. फोल्डरच्या नावाबरोबर त्याची पातळी आणि तो उघडा आहे की मिटलेला, हेही त्यांना ऐकू आले पाहिजे. सरकारी ॲपांच्या निविदांमध्येच या अटी घालाव्यात आणि पूर्ण मार्ग न दाखवणारे ॲप स्वीकारू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा