आप्पा, टाळं खेळाडूंना लावतात, मला नाही

ती. आप्पा आणि माय, सा. न.

आठे बठ्ठं बेस शे. जेवण वेळेवर होतंय, मायचा काळा मसाला अजून पुरतोय, काळजी करू नका.

आप्पा, पिंट्याने तुम्हाला मोबाईलवर बेसबॉलच्या लॉकआऊटची बातमी दाखवली आणि तुम्ही रात्रभर ओट्यावर बसून होते असं बेबी म्हणाली. गिरणीला टाळं लागलेलं तुम्ही पाहिलंय, तो शब्द ऐकला की तुमचं काय होतं माहितीये मला. पण इथे अमेरिकेत बेसबॉलमधे टाळं खेळाडूंना लावतात, माझ्यासारख्या तिकिटांच्या कॉम्प्युटरवाल्याला नाही.

ही पद्धत मला पण आधी समजेना. इथे खेळाडूंची युनियन असते, अगदी गिरणीत होती तशीच, आणि सगळ्या टीमचे मालक मिळून तिच्याशी काही वर्षांचा एकच करार करतात, पगार, पेन्शन, दवाखाना सगळं त्यात. मार्विन मिलर म्हणून पोलाद कामगारांच्या युनियनमधला माणूस 1966 ला यांच्याकडे आला, 1968 ला पहिला करार झाला न् वर्षाचा किमान पगार 6,000 डॉलरचा 10,000 झाला. 2026 साठी तो 7,80,000 आहे. तुम्ही म्हणाल एवढ्या पैशावाल्यांना युनियन कशाला, पण मोठ्या टीमच्या हाताखालच्या छोट्या टीममधली, शिकाऊ पोरं बघा ना, सगळ्यात खालच्या लेव्हलला वर्षाचे 4,800 डॉलर मिळायचे, त्यात इथे खोलीचं भाडं पण निघत नव्हतं. ती पोरं 2022 ला त्याच युनियनमधे आली आणि 2023 च्या करारात त्यांचे 19,800 झाले. एकेकट्याने मागितले असते तर कोणी दिले असते? तुम्ही हेच सांगायचे आम्हाला.

आत्ताचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो, नवा झाला नाही तर मालक टाळं लावू शकतात, बातमी एवढीच आहे. 2 डिसेंबर 2021 ला लावलं होतं तेव्हा खेळाडूंना टीमच्या जिममधे जाता येईना, टीमच्या डॉक्टरशी बोलता येईना, लीगच्या वेबसाईटवरून त्यांचे फोटो सुद्धा काढले. तरी 10 मार्चला मिटलं आणि सीझनच्या 162 च्या 162 मॅच झाल्या. थंडीत तसंही मॅच नसतात. 1994 च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनलच रद्द झाली होती पण ते जुनं झालं, पिंट्याने दाखवलं तर मनावर घेऊ नका.

या महिन्यात पैसे कमी आले ते गाडीच्या इन्शुरन्समुळे, दुसरं काही नाही. बेबीच्या सासरच्यांना तुळशीच्या लग्नानंतरचीच तारीख सांगा, नोव्हेंबरातली, डिसेंबरात ढकलू देऊ नका. हॉलचा ॲडव्हान्स मी याच आठवड्यात टाकतो. सुट्टी एकदाच मिळेल म्हणून दिवाळीला येणं होणार नाही, यंदा पण. मायला तुम्हीच सांगा, मला फोनवर बोलवत नाही. कापूस घाईने व्यापाऱ्याला देऊ नका, लग्नाचा खर्च मी करतो, मी केलाच पाहिजे.

रात्रीची गोळी चुकवू नका.

तुमचा
राजू