नव्या प्रजासत्ताकाची किंमत कोणी मोजली?

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बोअर म्हटले की आपल्याला आठवतात ते 1899 ते 1902 या काळात इंग्रजांच्या अवाढव्य फौजेला जेरीस आणणारे दक्षिण आफ्रिकेतले मूठभर डच वंशाचे शेतकरी. इंग्रजांशी झुंजणाऱ्या कोणाहीविषयी पारतंत्र्यातल्या समाजाला आपुलकी वाटणे स्वाभाविक होते. पण तीच प्रतिमा आजही आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून जशीच्या तशी पुढे चालू राहावी, हे मला पटत नाही. बोअरांनी तेथील झुलू या आफ्रिकी लोकांच्या मुलखात उभारलेल्या आणि जेमतेम चार वर्षे टिकलेल्या ‘नव्या प्रजासत्ताका’विषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

1879 मध्ये झुलूंचा पराभव करणाऱ्या उलुंदीच्या लढाईनंतर इंग्रजांनी झुलू राज्याचे 13 तुकडे करून प्रत्येकावर वेगळा सरदार नेमला आणि भाऊबंदकीला मोकळे रान मिळाले. पदच्युत राजा सेचवायो 1883 मध्ये परतला खरा, पण त्याच वर्षी झिबेबू या सरदाराने त्याच्या राजधानीवर चालून जाऊन तिची राखरांगोळी केली आणि फेब्रुवारी 1884 मध्ये राजा वारला. मागे उरला त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिनुझुलू. इंग्रज मदतीला येत नाहीत असे दिसल्यावर त्याच्या पक्षाने, म्हणजे उसुथूंनी, ट्रान्सवाल या बोअर राज्याच्या सीमेवरील बोअरांचा आधार घेतला. बोअरांनी मे महिन्यात त्याला राजा म्हणून जाहीर केले आणि बदल्यात जमिनीचे वचन घेतले.

5 जून 1884 रोजी मकुझे नदीजवळ त्शानेनी डोंगराच्या पायथ्याशी झिबेबूचा पराभव झाला. या लढाईत बोअर होते शंभराच्या आसपास. ते मागे घोड्यांवर बसून उसुथूंच्या डोक्यांवरून गोळ्या झाडत होते. पुढची हातघाई काही हजार झुलूंनी केली. त्यानंतर मात्र जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांची संख्या वाढत वाढत सुमारे 800 वर गेली. लढाई होऊन गेल्यावर आलेलेही त्यांत होते. ऑगस्टमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, फ्राइहाइड ही राजधानी ठरली आणि लुकास मेयर अध्यक्ष झाला. शेतांची मोजणी सुरू झाली, तसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारे लोक परक्याच्या मालकीच्या जमिनीवर राहणारे ठरले. राहायचे तर मालकाकडे राबणे आले. या राज्याची तिकिटे संग्राहकांकडे आजही पाहायला मिळतात. पिवळ्या किंवा निळसर कागदावर जांभळ्या शाईचा हातशिक्का आणि मध्ये तारीख, असे त्यांचे साधे रूप आहे. शिक्का, अध्यक्ष, राजधानी असे सगळे होते. ज्यांच्या जमिनीवर ते उभे होते, त्या झुलूंना मात्र त्या राज्यात नागरिक म्हणून स्थान नव्हते.

समुद्रापर्यंत पोचण्याची बोअरांची धडपड इंग्रजांनी डिसेंबर 1884 मध्ये सेंट लुशिया उपसागरावर आपला झेंडा लावून हाणून पाडली. ऑक्टोबर 1886 मध्ये इंग्रजांनी या राज्याला मान्यता दिली, ती उरलेल्या झुलूभूमीवरचा दावा सोडण्याच्या अटीवर. झुलूंच्या मुलखाची ही वाटणी झुलूंना बाजूला ठेवून झाली. जुलै 1888 मध्ये हे राज्य ट्रान्सवालमध्ये विलीन झाले. त्याच्या अस्ताला शोकान्तिका म्हणणे मला मान्य नाही, कारण प्रजासत्ताक गेले तरी सातबारा शाबूत राहिला. शोकान्तिका असलीच तर ती दिनुझुलूची. इंग्रजांनी उरलेला मुलूखही खालसा केल्यावर त्याने 1888 मध्ये उठाव केला आणि त्याची रवानगी सेंट हेलेना बेटावर झाली.

जमिनीची ही जखम भरून आली नाही. बोअर युद्धाच्या अखेरीस, 6 मे 1902 रोजी, फ्राइहाइडजवळ होल्क्रान्स येथे झुलूंच्या हल्ल्यात 56 बोअर मारले गेले. बोअर आणि इंग्रज यांच्यातला तह त्याच महिन्यात झाला आणि पुढच्या वर्षी हा जिल्हा नाताळ या इंग्रज वसाहतीला जोडण्यात आला.

1884 मध्ये दिनुझुलूच्या बाजूने उतरलेल्या त्या बोअर स्वयंसेवकांत लुई बोथा नावाचा एक तरुण होता. शेतांच्या वाटपात त्याने भाग घेतला आणि फ्राइहाइडच्या परिसरात स्वतःचे शेतही मिळवले. पुढे दक्षिण आफ्रिका संघराज्याचा पहिला पंतप्रधान झाला तो हाच. नाताळमधील भारतीयांवरील तीन पौंडांच्या जाचक कराबाबत 1912 मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले प्रिटोरियात ज्यांना भेटले, त्यांत बोथा होते. 1913 चा भूमी कायदा, ज्याने कृष्णवर्णीयांच्या वाट्याला देशाची सुमारे सात टक्के जमीन ठेवली, तोही त्यांच्याच सरकारचा. आपल्या दैनिकात गोखल्यांच्या त्या दौऱ्याविषयी किंवा बोअर युद्धाविषयी पुढे जेव्हा लेखन प्रसिद्ध होईल, तेव्हा झुलूंच्या या जमिनीचाही उल्लेख त्यात यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे