बँकेची चूक कोणाच्या पगारातून फिटते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खात्यात चुकून जमा झालेल्या पैशांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. रात्री धड झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे पत्र लिहायला बसले आहे. सांगायचं की गप्प बसायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, असं म्हणून लेखकाने हात झटकले आहेत. शिवाय ठरवणं सोपं जावं म्हणून एक वाक्यही दिलं आहे, की एवढ्या तेवढ्याने बँकेला काही फरक पडत नाही.

बँकेला पडत नसेल. मला पडला होता.

मी २८ वर्षं कॅश काउंटरवर काम केलं. महिन्याचा पहिला आठवडा होता, समोर दारापर्यंत रांग. एका गृहस्थांनी चेक दिला आणि छोट्या नोटांचं एक बंडल मागितलं. चेकच्या पाठीमागे मी नेहमीसारखं नोटांचं विवरण लिहिलं, छोट्या नोटांचं एक बंडल असंच लिहिलं आणि ड्रॉवरमधून हाताला आलं ते मोठ्या नोटांचं बंडल त्यांच्यापुढे सरकवलं. संध्याकाळी कॅश टॅली होईना. तीनदा मोजली. हेड कॅशियर शेजारी बसले, एकेक व्हाउचर काढून ताडून पाहिलं. मोठ्या नोटांचं एक बंडल कमी होतं आणि छोट्या नोटांचं एक बंडल जास्त. छोट्या नोटांचं बंडल त्या दिवशी एकाच माणसाने मागितलं होतं, त्यामुळे पैसे कुठे गेले याबद्दल कुणाच्याच मनात शंका राहिली नाही.

रात्री साडेआठला मी आणि आमचे अधिकारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी मोजून घेतले होते, बरोबर होते. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" पुरावा कुठला असणार? चेकच्या पाठीवर माझ्याच हाताने 'छोट्या नोटा' लिहिलेलं. तेव्हा काउंटरवर कॅमेरे नव्हते.

लेखकाला कदाचित ठाऊक नसेल, पण कॅश शॉर्ट आली की ती कॅशियरने भरून द्यायची असते. माझ्या पगारातून १४ महिने हप्ता कापला गेला. त्या वर्षी मुलीचा शिकवणीचा वर्ग आम्ही बंद केला. मी तिला कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

ते गृहस्थ त्यानंतरही दर महिन्याला शाखेत येत राहिले. फक्त माझ्या खिडकीसमोर कधी उभे राहिले नाहीत. माझी रांग मोकळी असली तरी पलीकडच्या लांब रांगेत थांबायचे. नजर पासबुकात. ज्याचे पैसे बरोबर होते त्याला खिडकी बदलायचं काय कारण होतं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं मनात घोळवला. आजही ते बंडल हातातून सुटल्याचं आठवलं की पोटात खड्डा पडतो.

आता काउंटरवरची रोख कमी झाली, चुका संगणकात होतात, हे मला मान्य आहे. पण तिथेही पैसे आभाळातून पडत नाहीत. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जातो. आपण 'बँकेचे' म्हणून खर्च करतो ते अनेकदा दुसऱ्या खातेदाराचे असतात, आणि तो बिचारा आपल्या शाखेत अर्ज घेऊन हेलपाटे घालत असतो.

लेखात सिटीबँकेचं उदाहरण मोठ्या दिमाखात दिलं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलरचं व्याज धनकोंना द्यायचं होतं, गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. तीन जणांच्या नजरेखालून गेलेला व्यवहार, तरी चूक झाली. काहींनी पैसे परत केले, सुमारे ५० कोटी डॉलर अडकले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते ठेवून घ्यायला मुभा दिली. लेख इथेच संपतो. पुढचं मी सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि त्या धनकोंचं निदान तेवढं कर्ज खरोखरच येणं होतं, फक्त मुदत पुरी व्हायची होती. आपल्या खात्यात भलतीकडून आलेल्या रकमेवर आपला तेवढासुद्धा हक्क नसतो.

न्यूझीलंडमध्ये २००९ साली पेट्रोल पंप चालवणाऱ्या एकाला बँकेच्या चुकीमुळे एक लाख डॉलरच्या ओव्हरड्राफ्टऐवजी (खात्यात नसलेले पैसे उचलायची सवलत) एक कोटीची मर्यादा मिळाली. तो पैसे घेऊन देश सोडून गेला. २०१२ मध्ये त्याला चार वर्षं सात महिन्यांची शिक्षा झाली. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात कलम ५(४) आहे. दुसऱ्याच्या चुकीने मिळालेली, परत करायला आपण बांधील असलेली रक्कम अप्रामाणिकपणे ठेवून घेतली तर ती तिथे चोरी ठरू शकते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं, की चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना 'ज्याने त्याने ठरवावं' हा सल्ला वर्तमानपत्राने कसा द्यावा?

'बँक आपली चूक झाल्यावर कुठे एवढी तत्पर असते', हे लेखातलं वाक्य मात्र मला खोडता येत नाही. मागच्या वर्षी माझ्याच खात्यात एक अनोळखी रक्कम आली. मी त्याच दिवशी शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, आलेत ना? मग राहू द्या. ज्याचे असतील तो येईल." मी लेखी अर्ज पुढे केला तर पोच द्यायला कुणी तयार नाही. हेल्पलाइनवर कार्ड हरवलं, पैसे कापले गेले, शिल्लक पाहायची, सगळ्यासाठी आकडे दाबायची सोय आहे. जास्त आलेत हे सांगायला एकही आकडा नाही. तिसऱ्या फेरीला शिक्का मिळाला. आणि पुढच्या आठवड्यात काय, तर तेवढी रक्कम रोखून धरायच्या ऐवजी माझं अख्खं खातं गोठवलं. माझा विम्याच्या हप्त्याचा चेक परत गेला आणि त्याचा दंडही माझ्याच खात्यातून वसूल झाला. दंड परत मिळावा म्हणून दिलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही. प्रामाणिक माणसाला असं वागवलं तर पुढच्या वेळी त्याचे पाय शाखेकडे कसे वळतील? हा राग मला आहे आणि तो रास्त आहे. पण त्या पैशांना मी हात लावला नाही, आणि पुन्हा आले तर पुन्हा जाईन.

एक गोष्ट लेखात हवीच होती. पैसे आल्यावर कुणी अनोळखी माणूस फोन करून 'चुकून तुम्हाला गेले, या नंबरवर परत पाठवा' म्हणाला तर पाठवू नका. असे फसवणुकीचे प्रकार होतात, कधी पैसे आल्याचा मेसेजच खोटा असतो. बँकेला लेखी कळवा, शिक्का मारलेली पोच जपून ठेवा, आणि रक्कम बँकेलाच उलटी फिरवू द्या. तोवर ती खात्यात तशीच पडू द्या.

संपादक महाशय, सिटीबँकेच्या खटल्याचा लेखात राहिलेला भाग, सप्टेंबर २०२२ चा, मूळ लेख छापला त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळकपणे छापावा, ही विनंती. गेल्या वेळी माझं पत्र निम्मं कापून छापलं होतं. या वेळी कापायचंच असेल तर आकडे कापा, पण खिडकी बदलणाऱ्या गृहस्थांचा मजकूर राहू द्या.

आपली,
एक निवृत्त रोखपाल