‘लीव्ह’चा भविष्यकाळ एका ओळीत मावत नाही

महोदय,

आपल्या दैनिकातील विद्यार्थ्यांच्या सदरात ‘लीव्ह’ या क्रियापदाचा अर्थ ‘सोडणे, निघणे’ आणि भविष्यकाळ ‘आय शॅल लीव्ह, ही विल लीव्ह’ एवढाच छापला आहे. पाठांतराला तो पुरेल, वाक्य करायला नाही.

‘लीव्ह सांगली’ म्हणजे सांगली सोडणे, ‘लीव्ह फॉर सांगली’ म्हणजे सांगलीला जायला निघणे. मधला ‘फॉर’ गळला की प्रवासाची दिशाच उलटते. ‘मिरजेला’ म्हणून मुले ‘लीव्ह टू मिरज’ लिहितात. तिथेही ‘फॉर’च हवा. उच्चारात ‘ली’ ऱ्हस्व केली, तर ऐकणाऱ्याला ‘लिव्ह’, म्हणजे राहणे, ऐकू येते.

आता काळ. एसटीचे वेळापत्रक सांगताना साधा वर्तमानकाळ वापरतात: ‘द बस लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो’. तिकीट काढले, जायचे पक्के झाले, तर ‘आय ॲम लीव्हिंग टुमॉरो’. मराठीतही आपण ‘उद्या निघतोय’ असेच म्हणतो. वर्गात तेवढे ‘निघेन’ कशाला? बोलता बोलता ठरले, ‘असं आहे? मग मी उद्याच निघेन’, तर मात्र ‘विल’: ‘देन आय विल लीव्ह टुमॉरो’. ‘निघालोच’चे ‘आय लेफ्ट’ केले की समोरच्याला वाटते, स्वारी वाटेत आहे. तिथे ‘आय ॲम जस्ट लीव्हिंग’ म्हणावे.

सर्वाधिक चुका ‘व्हेन’पाशी होतात. ‘निघशील तेव्हा फोन कर’ याचे मुले ‘व्हेन यू विल लीव्ह’ करतात. हवे ‘व्हेन यू लीव्ह, कॉल मी’. पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल लीव्ह’ हे बरोबर आहे. ओळखायची युक्ती सोपी: ‘व्हेन’च्या जागी मराठीत ‘जेव्हा’ बसत असेल तर पुढे ‘विल’ नको, ‘कधी’ बसत असेल तर चालेल. ‘जर’ या अर्थाच्या साध्या अटीतही तसेच: ‘इफ यू लीव्ह नाऊ’, ‘विल’शिवाय.

राहिला ‘शॅल’. ‘आय’ आणि ‘वुई’पुढे तोच हवा, हा जुना दंडक. आज रोजच्या इंग्रजीत तिथेही ‘विल’ सर्रास चालतो. ‘निघूया का?’ असे विचारताना मात्र ‘शॅल वुई लीव्ह?’ हेच नेमके.

– इंग्रजीचा एक शिक्षक, सांगली