खोपा टांगून बघ

वाई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि फोटो मिळाले. अंगावर घालता येईल असे शिल्प करायला वर्गात सांगितले आणि तू आपल्या विहिरीवरच्या बाभळीचा सुगरणीचा खोपा निवडलास, हे वाचून मला फार बरे वाटले. तारेच्या सांगाड्यावर कागदाचा लगदा चढवून केलेला चार किलोंचा खोपा तू उजव्या खांद्यावर बसवलास, दहा पावले चालल्यावर तो कलंडला आणि तारेचे टोक मानेला लागले, हेही वाचले. जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसशील तर आजच घे. शिल्पातले मला फारसे कळत नाही, पण बावीस वर्षे लोकांच्या अंगाची मापे घेत आले आहे, म्हणून मला जे दिसते ते लिहिते.

खोपा कधी कशावर बसत नाही, तो लोंबतो. फांदीला गवताच्या धाग्यांची गाठ, खाली फुगीर पोट आणि त्याखाली जमिनीकडे तोंड केलेली नळी, असे ते सगळे वजन वरच्या एका गाठीला टांगलेले असते आणि वारा सुटला की झुलते. तू मात्र तो खांद्यावर घागरीसारखा ठेवलास. त्यामुळे तो पडला आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खोप्यासारखा दिसलाही नाही. दोन्ही खांद्यांवरून पाठीवर येणारा रुंद पट्टा कर, त्याला कमरपट्टा जोड आणि खोपा पाठीमागे टांग. नऊवारीचे एवढे कापड बाई दिवसभर सहज वागवते, कारण त्याचा बहुतेक भार कमरेवर असतो. तुझ्या शिल्पाचाही मोठा भार कमरेने घेतला पाहिजे.

वजन मात्र कमी करावेच लागेल. तार काढून आकाशकंदिलाला वापरतात तशा बांबूच्या कामट्या घे, रात्रभर पाण्यात भिजव, म्हणजे न मोडता वाकतील. लगद्याऐवजी कागदाच्या पट्ट्या चिकटव आणि त्या कात्रीने न कापता हाताने फाड. फाटलेली कड पातळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड उठून दिसते. एक थर वर्तमानपत्राचा आणि दुसरा खाकी कागदाचा ठेवलास, तर कुठे राहून गेले ते लगेच कळेल. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी असते. अंगाला लागणाऱ्या वस्तूत ते अजिबात घालू नकोस. हलकेपणाचा धडा आपल्याकडच्या बाशिंगात आहे. भेंडाचे बाशिंग केवढे भरगच्च दिसते आणि हातात घेतले तर जणू काहीच नसते, म्हणून नवरदेव ते कपाळाला बांधून तासन्‌तास बसू शकतो.

आता मापाविषयी. एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी झाडाचा पोशाख शिवला होता. मुलाला उभे करून माप घेतले, बक्रम लावून खोड ताठ केले आणि ते सुंदर झाले म्हणून समाधानात राहिले. त्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत तासभर पडद्याआड उभे राहावे लागले, कारण त्या पोशाखात त्याला बसताच येत नव्हते. पोशाख उतरवला तेव्हा त्याच्या मानेवर लाल वळ उठले होते. तो रडला नाही, त्याने फक्त माझ्याकडे पाहिले, आणि ते पाहणे मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून मी माप उभे, बसून, हात वर करून आणि श्वास भरून असे चार वेळा घेते. तूही तसेच घे आणि कामट्या वाकवण्याआधी जुन्या चादरीवर सगळे एकदा बेतून, कच्ची टीप मारून अंगावर घालून पाहा.

तू पाठवलेल्या चित्रांत जपानी कलाकार आत्सुको तानाका यांचा 1956 सालचा विजेच्या रंगीत दिव्यांचा पोशाख पाहून मला धास्तीच वाटली, कारण तो त्यांनी स्वतः अंगावर घातला होता. अमेरिकन कलाकार निक केव्ह यांचे काम मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिले. लॉस एंजेलिसमध्ये 1991 साली पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीने व्यथित होऊन त्यांनी शिकागोतल्या एका उद्यानात पडलेल्या काटक्या गोळा केल्या आणि त्यातून 1992 साली त्यांचा पहिला ‘साउंडसूट’ घडला. सुरुवातीला ते त्यांच्या लेखी नुसते शिल्प होते. अंगावर चढवून हालचाल केली तेव्हा काटक्या वाजू लागल्या आणि हे घालण्याचे काम आहे हे त्यांना उमगले. तुझ्या खोप्यालाही चालताना काय होते ते ऐक. वाळलेल्या गवताची सळसळ त्यात आली, तर ती रंग देऊन दाबून टाकू नकोस.

आतल्या बाजूला अस्तर लाव, जुन्या मऊ सुती धोतराचे. ते पाहणाऱ्याला दिसणार नाही, पण घालणाऱ्याच्या पाठीला तेच लागणार आहे आणि कामट्यांची टोकेही त्याखाली झाकली जातील.

मामा शनिवारी मुंबईला येतो आहे. त्याच्याबरोबर पाच मीटर सुती नवार, दोन पितळी बकले, धोतराचे कापड आणि बाभळीखाली पडलेला एक जुना खोपा पाठवते. खोपा उकलून पाहा, पण वरची गाठ कशी मारली आहे त्याचे चित्र आधी काढून घे. चारही मापे लिहून कळव, म्हणजे पट्टा मी इथेच शिवून देईन.

तुझी,
आई