आमच्या रेघा जपणाऱ्या काकांना

प्रिय काका,

कथांसाठी टाक आणि शाईने चित्रं काढणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुम्हाला मनापासून धन्यवाद. चित्रकाराचं नाव पुस्तकात येतं. त्याची रेघ स्कॅन करून छपाईपर्यंत जपणाऱ्याचं फार क्वचित. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

मूळ चित्र छापायच्या मापाच्या दीडपट काढा, हे तुमचं पहिलं सांगणं. चित्र लहान झालं की हाताची थरथर झाकली जाते. पण रेघांमधली जागाही आटते. छापील पानावर अर्धा मिलिमीटर फट हवी असेल, तर मूळ चित्रात पाऊण मिलिमीटर सोडायला हवी. हे विसरलं की सावलीसाठी विणलेली आडव्या-उभ्या रेघांची जाळी शाईने बुजते, आणि कथेतल्या रात्रीत झाड, भिंत, माणूस यांचा एकच काळा गोळा होतो. बारीक रेघेचंही तसंच: मुळात 0.15 मिलिमीटरची रेघ छापताना 0.1 उरते, त्याहून नाजूक रेघ तुटायचीच.

रेखाचित्र 1200 डीपीआयला (म्हणजे दर इंचाला 1200 बिंदू), निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करायचं, हा तुमचा आग्रह किती मोलाचा होता! करड्या छटांत घेतलं की छपाईत रेघेचे ठिपके होतात आणि तिची धार जाते. काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं, ती सीमा तुम्ही प्रत्येक चित्रासाठी वेगळी लावलीत. ती एका बाजूला सरकली तर पापण्या गळतात, दुसऱ्या बाजूला सरकली तर कागदाचा पोत आणि पेन्सिलीच्या खुणाही काळ्या होऊन उठतात. पाणी घातलेली शाई इथेच दगा देते. पेन्सिल खोडतानाही काळा रंग थोडा उडतो. म्हणून शाई पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने खोडायचं आणि भरीव भाग पुन्हा भरायचे.

कागद गुळगुळीत हवा, नाहीतर शाई फुटते. नव्या निबवरचा तेलकट थर पुसायचा. लाखेची शाई फाउंटन पेनात कधीच भरायची नाही.

आणि चित्राची जागा! रहस्य उलगडणाऱ्या वाक्याआधी ते चित्र वाचकाच्या नजरेस पडता कामा नये, म्हणून तुम्ही पानांची मांडणी पुन्हा करायला लावलीत. कथा इतक्या आस्थेने वाचून चित्र हाताळणारं माणूस आम्हाला लाभलं.

पुढची मूळ चित्रं पाठवतो आहोत. प्रत्येकाच्या कडेला छापील माप लिहिलं आहे.

तुमचे,
कथाचित्रकार